पंधरा रुपयांची शंभर कार्डं

धरणगावच्या पोस्टात माझी खिडकी तिसरी.
मनीऑर्डर, रजिस्टर, आणि डिसेंबर आला की
रेडिओची लायसन्सं.
दुमडलेलं पुस्तक, आत वर्षावर्षाची तिकिटं,
प्रत्येक तिकिटावर माझ्या शिक्क्याचं काळं वर्तुळ,
जरा तिरकंच. थंडीनं हात आखडलेले असत.

सगळे कुरकुरत भरत.
हवेचेही पैसे घेता का, म्हणत.
एक अडत्या तर रेडिओ माळ्यावर दडवून
आमच्या इन्स्पेक्टरला चहा पाजत बसला,
आणि कप निम्मा होतो न होतो
तोच माळ्यावरून बाजारभाव सुरू झाले.

दोधू तोताराम बडगुजर तसा नव्हता.
जिनिंगचा रात्रपाळीचा राखणदार,
मिशीत कायम कापसाची पिंज.
बंडीच्या आतल्या खिशातून पंधरा रुपये काढायचा,
मोजायचा, परत मोजायचा,
आणि शिक्क्याची शाई वाळेपर्यंत
खिडकी सोडायचा नाही.

मग एका वर्षी परिपत्रक आलं. फी माफ.
मी फळ्यावर खडूनं लिहिलं, अक्षर मुद्दाम मोठं काढलं.
लोकांनी वाचलं, हसले, घरी गेले.
दोधूअण्णा पुस्तक घेऊन उभाच.
"अण्णा, आता फुकट."
"फुकट? मंग त्यास्ले पगार कोन दी?"
"सरकार देईल."
"आनि सरकार सांगी तेच त्या बोलतीन?"

मी पाकिटाला गोंद लावत राहिलो.
या प्रश्नाचा फॉर्म आमच्याकडे नव्हता.

नोटा त्यानं परत घेतल्या नाहीत.
"मंग कार्डे दे पंधरा रुप्याना."
पंधरा पैशाला एक. शंभर भरली.
सुतळीनं बांधून दिली,
तर त्यानं गाठ सोडून एकेक मोजलं.

महिन्याला एक.
कार्ड उघडं असतं, शिक्का मारताना डोळा जातोच.
रावेरना केळीना भाव काल चुकीना सांगा.
अहिराणी कार्यक्रम पाच मिनिटं आधी का आटोपला.
सकाळच्या बातम्यांची बाई सर्दीनं बेजार आहे,
तिले रजा द्या.
खाली सही, आणि सहीखाली
जुन्या लायसन्सचा नंबर, न चुकता.

आठ वर्षं पुरली ती कार्डं.
शेवटच्यावर एवढंच:
आवाज बारीक येस.
मन्हा कान गयात का तुमना टावर?

उत्तर कधी आलं का, ठाऊक नाही.
आलं असतं तर माझ्याच हातून गेलं असतं.

आता मीच अठ्ठ्याहत्तरचा.
गच्चीवर छत्री बसवून पुतण्या म्हणाला,
आप्पा, बघा हवं तेवढं, महिन्याला एक रुपया नाही.
बघतो.
गुडघ्याचं तेल. नशीब उजळणारी अंगठी.
पुन्हा तेल.
मधे थोडी बातमी, तीही घाईत,
तेलवाला बाहेर खोळंबलाय अशी.
रिले केंद्राच्या फाटकाला कुलूप आहे,
टॉवरवर घार बसते.
पगार कोण देतो ते मला आता कळतं, अण्णा,
पण मला कुणी विचारायला येत नाही.

काल पोस्टात गेलो. तिसऱ्या खिडकीत
आधारचे अंगठे घेतात.
पहिलीतल्या मुलीला म्हटलं, पंधरा रुपयांची कार्डं.
तिनं हिशेब केला, पन्नास पैशाला एक, तीस होतील.
"आजोबा, घरात लग्न आहे का?"
"नाही. थकबाकी आहे."

ती हसली नाही. खण उपसला, कपाट उघडलं,
धूळ झटकून समोर ठेवली.
अकराच निघाली.
बाकीच्यांसाठी सोमवारी या, म्हणाली.